पंचफुलाबाईंच्या गाडीवरचा राजवाडा

पडदा वर जातो तेव्हा हैदराबादच्या अंबरपेठेतली एक अरुंद गल्ली दिसते. वेळ सकाळी साडेसातची, महिना एप्रिलचा, आणि ऊन आत्ताच भिंतींवर चढून बसलेलं. डाव्या हाताला इडलीची बंडी, म्हणजे हातगाडी, उजव्या हाताला पिठाची गिरणी, तिचं दार अजून बंद. मधोमध एक पांढरा पिकअप उभा आहे आणि त्या पिकअपवर राजवाडा आहे. चार खांब, मधे कमान, कमानीच्या आत कारंजं, कारंज्यामागे बाग आणि बागेच्या वर सोनेरी कडांचे ढग. मागच्या हौद्यात कुणाचा तरी संसार भरलाय आणि त्यावर हा राजवाडा दोरांनी आवळून बांधलाय. खांब पोटात थोडे वाकलेत, पण ऐट कायम आहे.

विंगेतून प्रवेश करतात पंचफुलाबाई. वय एकसष्ट. साडीवर पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट, डोक्याला रुमाल, पायात कापडी बूट. त्या गाडीभोवती एक फेरी मारतात, प्रत्येक गाठ अंगठ्यानं दाबून बघतात, ड्रायव्हरच्या जागेवर चढतात आणि आरशात बघून पदर खोचतात.

दुपारपर्यंत तो राजवाडा वाहून जाणार होता, आणि तो दोष माझा होता. म्हणून ही हकिकत मीच सांगितलेली बरी.

मी तारनाक्याला राहतो. पन्नास वर्षं नाटकांतून कामं केली. आमच्या मंडळींची एक जुनी खोली होती, एका सभागृहाच्या मागे. तिथे आमच्या ट्रंका, मुकुट, तलवारी आणि रंगवलेले पडदे पडून होते. गेल्या फेब्रुवारीत सभागृहाची दुरुस्ती निघाली आणि आठ दिवसांत खोली रिकामी करा असा निरोप आला. आमच्यातले जे चार-पाच जण उरलेत ते म्हणाले, भंगारात द्या. माझं मन होईना. कुणीतरी सांगितलं, अंबरपेठेत एक बाई आहेत, स्वतःची गाडी स्वतः चालवतात आणि सामान माणसासारखं उचलतात.

त्या आल्या. ट्रंकांवरची नाटकांची नावं त्यांनी मोठ्यानं वाचली, एकेका ट्रंकेला हात लावून तिचं वजन जोखलं, आणि बावीस ट्रंका माझ्या व्हरांड्यात आणून टाकल्या. एका मुकुटाचा एक मणी हलला नाही. पण त्यांच्या गाडीचा हौदा नुसत्या पत्र्याचा होता. माझ्या लोखंडी ट्रंकांनी त्या पत्र्यावरचा रंग खरवडून काढला. आतला राखाडी पत्रा उघडा पडला, जागोजागी ओरखडे. मला फार वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, गाडी हाय, तिला कामाचे वळ उठणारच.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो. नाटकवाल्या माणसाला कुठलीही अडचण सांगा, तो तिच्यावर पडदा किंवा सतरंजी काढून देतो. मी दोन्ही दिलं. हौद्यात अंथरायला प्रेक्षागृहातली जाड सतरंजी, आणि वरून झाकायला राजवाड्याचा पडदा. अस्सल मांजरपाट, दुहेरी शिवण, खालच्या काठाच्या नेफ्यात बांबू. पंचफुलाबाईंनी पडद्यावरून हात फिरवला आणि विचारलं, रंग पक्का हाय का. मी म्हणालो, पन्नास वर्षं झाली, अजून ढग चमकतात. मी खोटं बोललो नाही. पण त्या पन्नास वर्षांत आमच्या राजवाड्यावर पाण्याचा एक थेंब पडला नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रंग सरसात कालवलेले होते. पिवडी, गेरू, नीळ. पाण्याशी त्यांची ओळखच नव्हती.

दोन महिने राजवाडा शहरभर फिरला. लोक सिग्नलला फोटो काढत. कामं वाढली. लोक फोन करून म्हणत, ती राजवाड्याची गाडी पाठवा. पंचफुलाबाईंना गंमत वाटे, पण त्या कधी भुलल्या नाहीत. मला म्हणायच्या, मास्तर, लोक पडदा बघून बोलवतात, सामान बघून परत बोलवलं पाहिजे.

त्यांचं आयुष्य मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून ऐकलं. देगलूरच्या बाजूच्या एका खेड्यात जन्म. अठराव्या वर्षी लग्न होऊन हैदराबादेत आल्या. नवरा तातेराव रेल्वेत खलाशी. अंबरपेठेत दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, पौर्णिमेला विहारात जायचं आणि एरवी काम. मुलगा धम्मानंद सात वर्षांचा असताना तातेराव गेले. रेल्वेनं बाईंना त्यांच्या जागी घेतलं आणि हातात झाडू दिला. सहा महिने झाडू मारून त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नवरा माल चढवायचा, त्याच्या जागी घेतलंय तर त्याचंच काम द्या. साहेब हसले. बाई रोज जाऊन उभ्या राहू लागल्या. शेवटी कंटाळून त्यांना भांडारात टाकलं. तिथे एका म्हाताऱ्या खलाशानं त्यांना दोराच्या सात गाठी शिकवल्या, आणि बाईंनी अठ्ठावीस वर्षं त्या सात गाठींवर माल बांधला.

निवृत्त व्हायच्या आधी तीन वर्षं त्या गाडी शिकायला गेल्या. शिकवणाऱ्यानं विचारलं, अम्मा, मुलाची गाडी चालवणार का. त्यांनी सांगितलं, मुलाला मी चालवलं, आता गाडी चालवते. निवृत्तीनंतर जुना पिकअप घेतला. समोर काचेपाशी बुद्धाची छोटी मूर्ती, आणि त्या मूर्तीशेजारी चष्म्याचं घर.

अशा बाई त्या सकाळी त्रिवेणीबाईंचं सामान घेऊन अंबरपेठेतून तारनाक्याला निघाल्या होत्या. त्रिवेणीबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. घराणं शिक्षकांचं आणि वकिलांचं, चार पिढ्या याच शहरात. पायऱ्या चढवेनात म्हणून त्या तारनाक्याला तळमजल्यावर राहायला जात होत्या. सामान दोन खेपांत न्यायचं होतं. पहिल्या खेपेत गाद्या, सोफा, कपडे आणि पुस्तकांची खोकी.

विद्यापीठाच्या अलीकडे वळणावर एक पाण्याचा टँकर राजवाड्याच्या शेजारी आला. एप्रिलात या शहरात टँकरवाल्यांइतकी घाई कुणालाच नसते. त्यानं वळण घेतलं आणि वरच्या उघड्या झाकणातून पाण्याचा लोट बाहेर आला. पहिला लोट कमानीवर पडला. दुसरा, टँकर सरळ होताना, चारही खांबांवर. पंचफुलाबाईंनी आरशात बघितलं तर मागचं आभाळ खाली उतरत होतं.

तारनाक्याला मी मदतीला म्हणून दारात उभा होतो. गाडी थांबली तेव्हा कारंजं होतं, बाग होती, पण राजवाडा बराचसा आत गेला होता. दोर सोडले. पांढऱ्या गाद्यांवर पिवळे ओघळ, सोफ्यावर निळं आभाळ, आणि खाली सतरंजीनं पाणी असं धरून ठेवलेलं की खोक्यांतली तळची पुस्तकं फुगून बसली होती. सतरंजी उचलली तर खाली हौद्याच्या ओरखड्यांत तांबूस गंज. तो त्या दिवसाचा नव्हता. दोन महिने आतल्या आत वाढत होता, आणि माझ्या उदारपणानं तो झाकला होता.

त्रिवेणीबाईंनी आवाज चढवला नाही. मुख्याध्यापिकांना त्याची गरज नसते. त्यांनी गादीकडे बघितलं, मग पंचफुलाबाईंकडे.

"पंचफुलाबाई, माझ्या अंथरुणात मला राजवाडा नको होता."

मी पुढे झालो आणि सगळा दोष माझा म्हणून सांगायला लागलो. पंचफुलाबाईंनी मला हातानं थांबवलं. म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही दिलं ते मायेनं दिलं. मी घेतलं ते न तपासता घेतलं. गाडी माझी हाय."

गाद्या आणि सोफा त्यांनी स्वतःच्या खर्चानं नवीन करून द्यायचं कबूल केलं, आणि करूनही दिलं. पण दुसरी खेप राहिलीच होती. फ्रिज, काचेच्या दारांचं शिसवी कपाट आणि त्रिवेणीबाईंच्या दिवंगत यजमानांचे कायद्याचे ग्रंथ. जुन्या घराच्या किल्ल्या दहा दिवसांनी द्यायच्या होत्या. त्रिवेणीबाई म्हणाल्या, दहाव्या दिवशी गाडी आधी मला दाखवा, तळ काय आणि छप्पर काय ते बघू द्या, मग सामान चढेल. नाहीतर मी दुसरी गाडी बोलावीन.

हे सगळं धम्मानंदला कळलं. मुलगा चांगला आहे, हायटेक सिटीच्या बाजूला एका ऑफिसात नोकरी करतो, आईवर जीव आहे. हिवाळ्यात पंचफुलाबाई हौद्यावरून घसरल्या होत्या, गुडघा महिनाभर सुजला होता, आणि तेव्हापासून त्यानं धास्ती घेतली होती. त्यानं एक मार्ग शोधून ठेवला होता. पार्सल पोचवणारी एक कंपनी गाड्या लावून घेत होती. अट एकच. हौद्यावर लोखंडी बंद डबा हवा, कुलूप लागणारा. ड्रायव्हर कंपनी देणार. आईनं घरी बसावं आणि महिन्याला भाडं घ्यावं. तो म्हणाला, आई, तसंही तुला छप्पर बदलायचंच आहे ना, मग डबाच बसव. तू मालकीण राहशील.

"मालकीण घरी बसती व्हय?" पंचफुलाबाईंनी विचारलं. "मग तीस वर्षं आमचे साहेब लोक ऑफिसात कामून यायचे?"

तो म्हणाला, आई, प्लीज, जोक नको, तू दोर घेऊन वर चढतेस, पडलीस तर मी काय करू. मुलाची भीती खरी होती, हे त्यांना कळत होतं. मग म्हणाल्या, दहाव्या दिवशी त्या कंपनीवाल्या साहेबाला बोलाव. मी गाडीवर न चढता, एकटीनं, भरलेली गाडी झाकून दाखवते. नाही जमलं तर डबा बसव, ड्रायव्हर बसव. मी तुझ्या पोरांना शाळेतून आणत जाईन.

धम्मानंदनं लगेच होकार दिला. त्याला वाटलं, हे जमणारच नाही. खरं सांगू, मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नामपल्लीला गेलो. तिथे एका गल्लीत जब्बारभाईंचं दुकान आहे. त्यांच्या घरातली माणसं नुमाइशीच्या, म्हणजे दरवर्षी भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनाच्या, दुकानांचे तंबू शिवत आली आहेत, आणि वर्षाचे उरलेले महिने गाड्यांच्या ताडपत्र्या शिवतात. हौद्यात घालायचे तळही त्यांच्याकडे मिळतात. पंचफुलाबाईंनी बूट काढले, पाण्याची बाटली काढली आणि दुकानासमोरच्या फरशीवर तपासणी सुरू केली.

जब्बारभाईंनी पहिल्यांदा उठावदार ठिपक्यांचा जाड लोखंडी पत्रा आणला. बाईंनी त्यावर पाणी शिंपडलं, अनवाणी उभ्या राहिल्या आणि पाय मागेपुढे केला. म्हणाल्या, हा दगडविटांसाठी. यावर कपाट ठेवलं तर कपाटाचे पाय सोलून निघतील आणि प्रत्येक खड्ड्यात अख्खी गल्ली जागी होईल. मग प्लायवूड. ते त्यांनी नुसतं हुंगलं आणि बाजूला ठेवलं. पाणी पिणारी कुठलीही वस्तू आता नको, माझ्याकडे न बघता त्या बोलल्या. मग एक काळाभोर, गुळगुळीत प्लॅस्टिकचा साचा आला, हौद्यात बरोब्बर बसणारा, एखाद्या मोठ्या ताटासारखा. मला तो फार आवडला. जब्बारभाई म्हणाले, नया फॅशन है, सब येच डलवा रैं. बाईंनी त्यावर पाणी टाकून माझी पिशवी ठेवली आणि एका बोटानं ढकलली. पिशवी सुळकन दुसऱ्या टोकाला गेली.

"मास्तर, तुमची पिशवी एकटीच तारनाक्याला निघाली," त्या म्हणाल्या.

एक खरखरीत लेप असतो, थेट पत्र्यावर फवारायचा, त्याचा नमुनाही होता. तो बाईंनी बराच वेळ तळपायानं चाचपला. पकड उत्तम होती. पण त्यांनी विचारलं, खाली गंज लागला तर कळणार कसा. जब्बारभाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, नै कळणार. बाईंनी नमुना परत दिला. शेवटी दुकानाच्या मागून एक जाड रबराची चटई आली, गोठ्यात म्हशींच्या पायाखाली घालतात तशी, खाली खाचा, पाणी वाहून जायला. दिसायला अगदी सामान्य. बाई तिच्यावर पाणी टाकून उभ्या राहिल्या, फिरल्या, गुडघा वाकवून बसल्या, उठल्या. मग तिचं एक टोक उचलून खाली बघितलं.

"ही पाहिजे," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी उचलून खालचं बघता येतं."

आधी पत्रा घासून गंज काढायचा, रंग द्यायचा आणि मग ही चटई, न चिकटवता, नुसती अंथरायची, असं ठरलं.

खरी लढाई छपराची होती. लोखंडी डबा जब्बारभाई बनवत नव्हते, पण त्यांच्या मते बाईंसाठी तोच ठीक होता. बाईंनी डब्याची उंची विचारली आणि म्हणाल्या, यात फ्रिज आडवा करावा लागंल. लोकांचा फ्रिज मी आडवा नेत नाही. निळी पातळ ताडपत्री एका उन्हाळ्यात फाटते, हे दोघांनाही माहीत होतं. राहिली जाड, पाणी न पिणारी ताडपत्री, काढता-घालता येणाऱ्या लोखंडी कमानींवर. उंच सामान असेल तेव्हा उंच कमानी, नसेल तेव्हा बुटक्या. फक्त ती वर चढून पसरावी लागते आणि चारी बाजूंनी बांधावी लागते. जब्बारभाईंनी हात जोडून सांगितलं, अम्मा, इस उमर में ऊपर चढना नक्को.

बाईंनी त्यांच्याकडून खडू मागून घेतला आणि फरशीवर रेघा काढल्या. ताडपत्री पुढच्या कमानीपाशी कायमची बांधलेली राहील, चुण्या करून. कमानींच्या दोन्ही बाजूंना लांब गज. ताडपत्रीच्या मागच्या काठाला नेफा, नेफ्यात लोखंडी नळी, नळीला दोर. मागे जमिनीवर उभं राहून दोर ओढला की ताडपत्री गजांवरून सरकत मागे येईल. माझ्या पडद्याच्या काठात बांबू होता, त्यामुळे पडदा दोन महिने कधी गोळा झाला नाही, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

जब्बारभाईंनी त्या रेघांकडे बघून मान हलवली.

"चालीस बरस से सी रा हूँ अम्मा, ऐसा किसीने नै मंगाया."

"चालीस बरस में कोई औरत आयी थी क्या, ताडपत्री लेने?"

"नै आयी."

"फिर कौन मंगाता?"

जब्बारभाईंनी कानावरची पेन्सिल काढली. नेफा किती रुंद, शिवण किती पदरी, कड्या पितळेच्या की लोखंडी, यावर दोघं दीड तास भांडले. मी चहा मागवत राहिलो. रंगाची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, लाल घ्या, भारदस्त दिसेल. त्यांनी राखाडी घेतला. म्हणाल्या, धूळ दिसत नाही आणि आता माझ्या गाडीवरून कुणाला काही दिसायची गरज नाही, नाव लोकांना माहीत हाय.

दहावा दिवस रविवारचा होता. पुन्हा तीच गल्ली. या वेळी प्रेक्षक होते. त्रिवेणीबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. धम्मानंद ऑफिसात घालतो तसा शर्ट घालून आला होता, आणि त्याच्याबरोबर कंपनीचा माणूस, तरुण, नम्र, तेलुगू बोलणारा, हातात फॉर्म. गल्लीतल्या बायका गॅलऱ्यांत. इडलीवाल्यानं बंडी तोंड फिरवून उभी केली होती.

त्रिवेणीबाईंनी आधी चटईचं टोक उचलायला लावलं आणि खालचा नवा रंग बघितला. मग हमालांनी सामान चढवलं. फ्रिज उभा, कपाट उभं, दोघांच्या मधे ग्रंथांची खोकी आणि गोधड्या. हमाल बाजूला झाले. पंचफुलाबाईंनी रुमाल घट्ट केला, हौद्याच्या मागच्या फाळक्यापाशी, म्हणजे खाली पडणाऱ्या दारापाशी, उभ्या राहिल्या आणि नळीच्या दोन टोकांना बांधलेले दोन दोर दोन हातांत घेऊन ओढले.

ताडपत्री पहिली कमान सहज ओलांडून आली. दुसरीही. तिसऱ्या कमानीवर उजवी बाजू पुढे निघाली, डावी मागे राहिली, नळी तिरकी होऊन अडकली. त्यांनी जोर लावला. ती आणखी रुतली. वरच्या गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, अरे, कुणीतरी वर चढा. कंपनीचा माणूस घड्याळ बघायला लागला. धम्मानंद चाकावर पाय ठेवून चढायला निघाला.

"धम्मा, हात लावू नको."

तो थांबला. आईचा तो आवाज त्याच्या ओळखीचा असावा. मी स्टेजवर हजारदा अडकलेले पडदे बघितलेत. अडकलेल्या पडद्यासमोर माणूस दोनच गोष्टी करतो, घाबरतो किंवा ओढतो. पंचफुलाबाईंनी दोर सैल सोडले. गाडीच्या पुढच्या टोकाला जाऊन, उलट ओढायला ठेवलेल्या दोरानं ताडपत्री पूर्ण पुढे घेतली, परत चुण्या केल्या. मग त्या नळीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही दोरांची टोकं एकत्र आणली, मधोमध एक गाठ मारली, त्या सातांपैकी कुठली ते मला विचारू नका, आणि त्या गाठीला एकच लांब दोर जोडला. आता दोन हात दोन बाजूंना ओढणार नव्हते.

त्या चार पावलं मागे गेल्या, दोर कमरेभोवती घेतला आणि चालायला लागल्या. ओढलं नाही, नुसत्या चालल्या. ताडपत्री एक कमान, दोन, तीन, चार, पाच ओलांडत सरळ रेषेत मागे आली आणि फाळक्यावर उतरली. बाजूच्या कड्या जमिनीवरून हाताला येत होत्या. त्यांनी त्या एकेक करून आवळल्या. एकदाही गाडीवर पाय ठेवला नाही.

गॅलऱ्यांतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्रिवेणीबाईंनी वाजवल्या नाहीत. त्या उठल्या, कठडा धरून पहिल्या मजल्यावर गेल्या आणि पाण्यानं भरलेली बादली मागवली. मग आपल्या जुन्या गॅलरीतून त्यांनी ती बादली सावकाश, चारही कोपऱ्यांवर, झाडांना पाणी घालावं तशी रिकामी केली. दुसरी मागवली. तीही. खाली येऊन त्यांनी ताडपत्रीच्या कडेतून हात आत घातला, कपाटाच्या काचेवरून फिरवला, बाहेर काढून तळवा उन्हात बघितला. कोरडा होता. त्यांनी तो पंचफुलाबाईंना दाखवला, एखाद्या मुलीला पेपर परत द्यावा तसा, आणि जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. एवढंच.

कंपनीचा माणूसही खूष झाला होता. धम्मानंदनं त्याचं म्हणणं आईला मराठीत सांगितलं. साहेब म्हणतात, तळ फार छान केलाय, तो तसाच ठेवू, याच रबरावर आम्ही डबा बसवून देऊ, तुमचा खर्च नाही. ड्रायव्हर सोमवारपासून तयार आहे. पंचेचाळीसच्या आतलाच लागतो, नियम आहे. अम्मानं खूप केलं, आता आराम करावा. हे सांगताना धम्मानंदची मान खाली होती. फॉर्म त्याच्या हातात होता, पण तो त्यानं आईपुढे धरला नाही.

पंचफुलाबाई ड्रायव्हरच्या जागेवर चढल्या. चष्मा लावला. गाडी सुरू केली आणि खिडकीतून मुलाकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि गुडघा दुखत असणार, कारण क्लचवर पाय ठेवताना त्यांनी ओठ दाबला होता. पण आवाज सरळ होता.

"धम्मा, साहेबाला त्यांच्या भाषेत नीट सांग. डबा बसवायचा असंल तर दुसरी गाडी बघा, आणि ड्रायव्हर बसवायचा असंल तर दुसरी बाई. माझ्या गाडीत ती जागा भरलेली हाय. आता सरक, बाईंचा फ्रिज तापायलाय."